पिवळा दिवा आणि सासूबाईंची तिसरी टेस्ट

"परत पेटला मेला!" असं म्हणून मास्तरांनी स्टिअरिंगवर कपाळ आपटलं. हॉर्न वाजला आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले. स्कूल त्यांचं, शिकवणारे तेच, आणि गाडीही एकच, वीस वर्षं जुनी. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा होता. तो पेटला की इंजिनात काहीतरी बिघाड आहे, हे सगळ्या जगाला माहीत होतं. फक्त मास्तरांच्या विद्यार्थ्यांना नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका घाबरट मुलीनं "हे काय पेटलंय?" म्हणून विचारलं होतं. ती फी परत मागेल या भीतीनं मास्तरांनी ठोकून दिलं, "इंजिन चालू आहे असं सांगतो तो. पेटलेला असला की निर्धास्त जायचं." एकीला सांगितलं, मग सगळ्यांनाच तेच सांगावं लागलं. खोटं बोलायचं तर सगळ्यांशी सारखं बोलावं, एवढी शिस्त मास्तरांकडे होती.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. चष्म्याचा दुकानदार त्यांच्याकडे शिकला, पास झाला, नवीकोरी गाडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी शोरूमला परत घेऊन गेला. "पिवळा दिवा पेटत नाही हिचा." शोरूमवाले समजावून थकले, पण हा ऐकेना. "मला येडा समजता का? आमच्या मास्तरांच्या खटाऱ्यात पेटतो आणि तुमच्या नव्या गाडीत नाही?"

मास्तरांनी हेही पचवलं असतं. पण आता मधे सासूबाई होत्या.

सासूबाई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. घराचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत चार दिवस म्हणून आल्या होत्या. छप्पर केव्हाच झालं, सासूबाई पाच महिने इथेच. त्यांचं घर गावाबाहेर, तिकडची बसही बंद झालेली. "गाडी चालवता आल्याशिवाय मी आईला तिथे एकटीला ठेवणार नाही," असं बायकोनं जाहीर केलं. तोवर सासूबाई आणि बायको आतल्या खोलीत, मास्तर हॉलमधल्या सोफ्यावर. सोफा दोघांना बसायचा, मास्तर सहा फूट. झोपले की पाय तरी हवेत, नाहीतर डोकं तरी. मान अशी आखडली होती, की बाजूला बघायचं तर अख्खे मास्तर वळायचे.

"लायसन्स आलं, की आई जाईल," बायको म्हणाली होती. तेव्हापासून मास्तर सासूबाईंना जीव तोडून शिकवत होते.

पहिल्या टेस्टला सासूबाईंनी भर चौकात गाडी थांबवली, काच खाली केली आणि मधूनच पळणाऱ्या दोन पोरांना पाच मिनिटं झापलं. नापास. दुसऱ्या टेस्टला आरटीओच्या साहेबांनी खिडकीतून डॅशबोर्ड बघितला आणि मास्तरांना बाजूला घेतलं. "हा दिवा विझल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही." मास्तरांनी परत येऊन सांगितलं, "आई, साहेबांचं पोट बिघडलंय."

मग फिटरच्या वाऱ्या सुरू झाल्या. फिटरनं मशीन लावलं. "टाकीचं झाकण सैल आहे." झाकण बदललं, दिवा तीन दिवस विझला, चौथ्या दिवशी पेटला. मग प्लग बदलले. आठवडाभर विझला, पुन्हा पेटला.

"मास्तर, खरं सांगू?" फिटर हात पुसत म्हणाला. "हे माणूस असतं ना, तर मी घरच्यांना म्हटलं असतं, पथ्य सोडा आता, काय आवडतं ते खायला घाला."

"माझी मान बघ आणि मग जोक कर!" मास्तर उखडले. "परवा टेस्ट आहे!"

फिटरनं निमूटपणे सेन्सर बदलला. टेस्टच्या सकाळपर्यंत दिवा विझलेलाच होता. सासूबाईंना ताण नको म्हणून मास्तर स्वतः गाडी चालवत गेले. तिथे सासूबाई पुढे आल्या, शेजारी साहेब बसले, मागे मास्तर.

किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. सासूबाई हलेनात. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. सुरू इंजिनानं अशी किंकाळी फोडली, की साहेबांनी पाय वर घेतले.

"बाई! गाडी चालू आहे!"

"नाही साहेब. पिवळा दिवा कुठे पेटलाय? तो नसेल तर हलायचं नाही, असं आमच्या जावईबापूंनी शिकवलंय."

साहेब हळूहळू मागे वळले. "असं शिकवता तुम्ही?"

गप्प बसावं तर सासूबाई वेड्या ठरणार, बोलावं तर आपण. पण डोळ्यांसमोर तो सोफा आला.

"आई, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तो दिवा बिघाडाचा असतो. सहा वर्षं मी सगळ्यांना थापा मारल्या. साहेब, चूक माझी आहे, त्यांना नापास करू नका."

साहेबांनी मास्तरांना दहा मिनिटं सोललं. वर सासूबाईंना नापासही केलं. "पंधरा दिवसांनी या."

परतताना सासूबाई म्हणाल्या, "मी चालवते." मास्तर शेजारी बसले. पुलाजवळ टिंग झालं. पिवळा दिवा पेटला. सासूबाईंनी सिग्नल दिला, आरशात बघितलं, गाडी अलगद कडेला घेतली.

"जावईबापू, सेन्सर गेला हो तुमचा. फिटरला धरा."

मास्तर अख्खे वळले. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"गाडीचं पुस्तक या कप्प्यातच तर आहे. पहिल्या दिवशीच वाचलं. शिकवणाऱ्यानं वाचलेलं नसतं, म्हणून शिकणाऱ्यानं वाचावं."

"मग मघाशी ते सगळं... मुद्दाम?"

सासूबाई उगाच काच पुसायला लागल्या.

"तिकडे संध्याकाळी फार शांत असतं हो," त्या म्हणाल्या. "घड्याळाचा काटा ऐकू येतो. इथे तुम्ही दोघं भांडता, बरं वाटतं."

पाच महिन्यांत मास्तरांनी सोफ्यावर पडल्या पडल्या सासूबाईंना ऐकवायची कितीतरी वाक्यं पाठ केली होती. आता त्यातलं एकही कामाचं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं,

"हिला काय सांगायचं?"

"खरं तेच सांगा. नापास."

"आणि पंधरा दिवसांनी?"

"एवढ्यात? माझी कुठे तयारी झालीय?" असं म्हणत सासूबाईंनी कडेला उभ्या असलेल्या दोन ट्रकच्या मधून गाडी रिव्हर्स घेतली, एका दमात, आरशाला ओरखडाही न येता.

मास्तर मान चोळत बसले. चौक आला तसे म्हणाले, "आई, उजवीकडे घ्या."

"घर डावीकडे आहे."

"माहितीये. पलंगाचं दुकान उजवीकडे आहे."

सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आरशात, आणि गाडी उजवीकडे अशी वळवली, की कुठल्याही साहेबानं डोळे मिटून पास केलं असतं.