चार बोटं जास्त

केवलशेठ जंगलात येताना कुऱ्हाड आणत नाही, विळा आणत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा विसरतो. पण कापड मोजायचा मीटरभर लोखंडी गज कधी विसरत नाही. खांद्यावर तो गज, कमरेला पांढरं धोतर, डोक्याला काळी टोपी. नव्या माणसाने पाहिलं तर त्याला वाटावं, आज वाघाला सदऱ्याचं माप द्यायचं आहे.

आमचं गाव धुळं आणि जळगाव यांच्या शिवेवर, वर सातपुड्यातलं अभयारण्य. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून आम्ही माघ-फाल्गुनात जाळरेषा काढतो. म्हणजे सहा मीटर रुंद पट्ट्यातलं गवत, पाला सगळं साफ करायचं, आग तिथे येऊन उपाशी मरते. या पट्ट्याला धनी तीन. वनखातं, आमच्या गावाची समिती, आणि रविवारी जळगावहून मोटारीतून येणारी एका संस्थेची मंडळी. खात्याचं माप मोबाईलमध्ये, संस्थेचं फोटोत. मी समितीचा टोळीप्रमुख, माझं माप पावलात. मी चौथीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गुरुजी चुकले, पण माझं पाऊल कधी चुकलेलं नाही.

केवलशेठला हे कुठलंच माप पटेना. पन्नास वर्षं बाजारपेठेत कापड विकलेला माणूस. तो घरात मारवाडी, परक्या गिऱ्हाइकाशी मराठी आणि माझ्याशी, म्हणजे भांडणात, अहिराणी बोलतो. दर दहा पावलांवर वाकायचा, गज सहा वेळा टाकायचा आणि प्रत्येक गजाला चार बोटं वर धरायचा.

मी म्हणालो, "शेठ, हाई जंगल शे, लुगडं नही. सहा मीटरना पट्टा तू साडेसहा कसाले करस?"

"चार बोटं जास्त दिधं का गिऱ्हाईक परत येस, आबा."

"आठे कोन गिऱ्हाईक? रानडुक्कर?"

"येवू दे ना. त्यालेबी माप देसू."

एकदा त्याने माझी पावलं गजाने तपासली. सहा मीटरला एक हात कमी भरला. त्या दिवशी माझ्या वहाणा नव्या होत्या, म्हणून. तसं मी त्याला तिथेच सांगितलं. त्याने फक्त गज फुंकर मारून पुसला. त्यावर मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. म्हणजे कामापुरतंच बोललो.

पण काम खरंच रेंगाळलं. आमच्या वनरक्षक पावरा ताई, बोलायला गोड आणि हुकमाला कडक. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आबा, या वेगाने होळी आली तरी पट्टा नाल्यापर्यंत जायचा नाही. वणवा काही शेठच्या गजासाठी थांबणार नाही. उद्यापासून त्यांना घरीच बसायला सांगा. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील."

मला कोण आनंद झाला! वहाणांचा हिशेब चुकता होणार होता. दुपारी जेवून लगेच निघालो.

शेठचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतेला, शेठाणी गेली. मला वाटलं, कुलूप असेल. तर शटर अर्धं वर. वाकून आत पाहिलं. गादीवर पांढरीशुभ्र चादर, मागे कापडाची ठाणं रचलेली, आणि शेठ टोपी घालून बसलेला.

"या आबा, या! काय दाखाडू?"

मी म्हणालो, काही नको, एक गोष्ट सांगायला आलो. पण त्याने ऐकायच्या आत ठाण फडाफडा उलगडलं. पुढ्यात निळ्या पॉपलिनची नदी झाली.

"कोणासाठी काढतोस रे इतकं? दुकान तर बंद."

"रोज एक ठाण उलगडस. घडी पडी ऱ्हायनी का कापड घडीवरच फाटस." हात फिरवत तो म्हणाला, "आज तू उना, देखनारा मियना."

मग त्याने ते ठाण पुन्हा घडी केलं. आधीच्या घड्या चुकवून, नव्या जागी. मी बघत बसलो. शटरबाहेर रस्त्याने माणसं जात होती, आत कोणी वाकून बघत नव्हतं.

"तू काय सांगत होता?"

"उद्यापासून अर्धा घंटा लवकर ये," मी म्हणालो. "उशिरा येतोस."

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "सांगितलं का शेठला?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"लवकर येतो म्हणाले."

"मग होळीआधी पट्टा नाल्यापर्यंत नेणं तुमच्याकडे," ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून हातात झाडू धरून मीच शेठच्या मागे लागलो. तो मोजायचा, मी झाडायचो, दोघं भांडायचो, आणि भांडताना हात भराभर चालतात हे मला या वयात कळलं. होळीच्या आदल्या दिवशी पट्टा नाल्याला टेकला.

चैत्रात पलीकडच्या टेकडीवरून वणवा आला आणि आमच्या पट्ट्यावर येऊन विझला. शेठने मोजलेल्या तुकड्यावरच. "देख, चार बोटं कामाले उनी," तो म्हणाला. वारा पडला म्हणून आग विझली, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

पाऊसपाणी सुरू व्हायच्या आधी ताईंनी टोळी मोडली. "आता पुढच्या माघात भेटू," म्हणाल्या. आम्ही दोघं माझ्या घरापर्यंत आलो. दाराशी शेठने खांद्यावरचा गज काढून माझ्या हातात दिला.

"हाऊ तुनाकडे ऱ्हाऊ दे, आबा."

"कसाले? तुना घरमा जागा नही का?"

"मी घेवाले येसू ना," म्हणाला आणि मागे न बघता गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "आबा, मना गज?"

गज माझ्या पाठीमागे खुंटीला लटकत होता, अगदी त्याच्या नजरेसमोर.

"सापडत नाही रे," मी म्हणालो. "बस, चहा घे. उद्या ये, तोवर शोधून ठेवतो."

त्याने खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावर मांडी घालून बसला.

त्याला आता पंधरवडा झाला. गज अजून सापडलेला नाही.