गंगाक्काचं खारं पाणी

शेजारची गंगाक्का रोज सकाळी नाकाला पदर लावून आमच्याकडे कोळंबी मागायला यायची. घर कडक शाकाहारी, गळ्यात लिंग, अंड्याचं नाव काढलं तरी "शिवा शिवा" म्हणणार. पण तिच्या माशांना कोळंबी लागे आणि ती तिच्या फ्रीजमध्ये चालत नसे, म्हणून आमच्या फ्रीजरमध्ये. "माझ्यासाठी न्हाय, पोरांसाठी," असं ती दर वेळी बजावायची. जसं काही मी तिला ताटच वाढत होते.

"पोरं" म्हणजे समुद्रातले मासे. काचेची टाकी आणली मुलानं, बसवराजनं. त्याची हौस फिटली आणि ती अक्काच्या गळ्यात पडली. आमच्या शुक्रवार पेठेत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि ही बाई त्यातलंच बादलीभर घेऊन त्यात पुड्यातलं समुद्री मीठ ढवळायची. गल्लीला हे कधी पटलं नाही. अक्कालाही गल्ली कधी पटली नव्हती.

टाकीत एक निळा, बोटाएवढा डॅमसेल जातीचा मासा होता. अक्का त्याला फौजदार म्हणे. कोपऱ्यातला दगड त्याच्या मालकीचा. नवा मासा आला की हा त्याच्या शेपटीचे लचके तोडायचा. अक्का हटायची नाही. नवा मासा सोडण्याआधी ती टाकीतले सगळे दगड हलवायची. "कुणाचंच घर जुनं राहिलं न्हाय, तर भांडतील कशावरनं?" कधी बाहेरून काचेला आरसा टेकवायची, म्हणजे फौजदार स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून दमेल. त्या दिवसांत बसवराजला दाढी आरशाविना, अंदाजानं करावी लागे.

घरात मात्र तिला ही अक्कल सुचत नसे. सून रूपाली टेंभुर्णीची. तिची भाकरी जाड, झाडू उलटा, फोन लांबलचक. "मी बोलते म्हणून घर चालतंय की!" हा अक्काचा ठेका. मी तोंडावर सांगितलं, "अक्का, जाईल हं पोरगी एक दिवस." ती गेलीच. माहेरून निरोप आला, सासूबाई घरात आहेत तोवर येणार नाही. बसवराज जेवेनासा झाला.

त्याच आठवड्यात फौजदारानं एक नवा पिवळा मासा मारला. अक्कानं फौजदाराला जाळीनं उचलून वेगळ्या छोट्या टाकीत टाकलं.

"मार खाणाऱ्याला काढून काय उपयोग, सुनंदा? मारणाऱ्यालाच काढायचं. महिनाभर बाजूला ठेवला की मवाळ होतंय. मग परत घ्यायचं." बोलता बोलता तिनं वळून रूपालीच्या बंद खोलीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि अक्कलकोटला बहिणीच्या घरामागच्या खोलीत राहायला गेली. जाताना मुलाला म्हणाली, "रूपालीला आण. महिन्यानं मला न्यायला ये."

रूपाली आली. त्या घरातून आता हसणं ऐकू येतं. फौजदारही परत मोठ्या टाकीत गेला आणि खरंच निमूट राहतो. अक्काला न्यायला मात्र कुणी गेलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला चीड येते. आणि जास्त चीड याची येते, की रूपालीची चूक मला दाखवता येत नाही.

परवा मी अक्कलकोटला गेले. माझ्यासमोरच बहिणीची सून अक्कावर खेकसली, "किती येळा सांगायचं, हितं पाय पसरू नका म्हणून!" अक्कानं मुकाट्यानं पाय ओढून घेतले.

"बसवराज काय म्हणतोय?" तिनं विचारलं.

"वाट बघतायत सगळे."

"तुला खोटं बोलता येत न्हाय." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "मी आता कुणाला काय बोलत न्हाय, सुनंदा. लई मवाळ झाले मी. एवढं सांगशील का त्याला?"

परत आल्यावर सांगितलं. बसवराज ऑफिसला निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाला, "बघू."