लोखंडाची बैलजोडी

सासुरवाडीला जेवताना बोलू नये, हे मला लग्नाच्या वेळीच कोणीतरी सांगायला हवं होतं. गरम भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि वर तेलाची धार. अशा वेळी पोट भरत जातं आणि डोकं रिकामं होत जातं. (माझ्या बाबतीत दुसऱ्या कामाला फार वेळ लागत नाही.) तर अल्लीपूरला सासऱ्यांच्या पंगतीत बसून मी एक साधंसं वाक्य बोललो.

"त्यात काय हाय मामाजी, मी घरीच बनवतो."

झालं असं होतं. मामाजींनी, म्हणजे माझे सासरे महादेवराव यांनी, उन्हाळ्यात आपली बैलजोडी विकली होती. गुडघे थकले, नांगरणीला ट्रॅक्टर येतो, जोडी नुसती उभी राहून कडबा खाते, असं चार जणांनी समजावलं म्हणून विकली. तांब्या आणि चांद्या. बैल गेले त्या दिवशी मामाजी रिकाम्या गोठ्यात बसून राहिले आणि जेवायलासुद्धा उठले नाहीत. आता घराला नवीन फाटक बसवायचं होतं आणि त्यावर त्यांना बैलजोडी हवी होती. कुठलीही नाही, तांब्या आणि चांद्याच. तीही पोळ्याच्या आत, कारण जन्मात पहिल्यांदाच त्यांचा पोळा बैलांशिवाय जाणार होता.

"अश्विनरावाले विचारू काय?" मामाजी म्हणाले. "ते इंजिनिअर हायेत."

अश्विन म्हणजे माझा साडू. तो पुण्याला नेमकं काय काम करतो हे आमच्या खानदानात कोणालाच समजत नाही, त्यामुळे त्याला फार मान आहे. माझं काम सगळ्यांना समजतं. मी पाटबंधारे खात्यात क्लार्क आहे. तर अश्विनचं नाव निघालं आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. मामाजींनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आज त्यांना नवीन जावई मिळाला. पोटात भाकर होती आणि समोर ती नजर. माघार घेणं शक्य नव्हतं.

जाड पत्र्यातून हुबेहूब बैल कापून काढायचा तर प्लाझ्मा टेबल लागतं. हे मला यूट्यूबवर कळलं. तिथे एक गोरा माणूस हे मशीन आपल्या गॅरेजमध्ये वीस मिनिटांत बनवतो. (दोन स्क्रूंच्या मध्ये त्याचे किती महिने गेले, ते तो दाखवत नाही.) मशीन तसं समजायला सोपं आहे. एक लोखंडी टेबल, त्यावर मागे-पुढे सरकणारा दांडा आणि दांड्याला एक नळी. नळीच्या तोंडातून अशी आग निघते की पत्रा लोण्यासारखा कापला जातो. नळी कुठे फिरवायची ते कॉम्प्युटर सांगतो. माणसानं बाजूला उभं राहून नुसतं बघायचं. हा शेवटचा भाग मला जमण्यासारखा वाटला.

आमचं घर सिंदी मेघेला. घराला एक गॅरेज आहे आणि गॅरेजात माझ्या बायकोची गाडी असते. अपेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि ती गाडी तिनं स्वतः घेतलेली आहे.

"मंग माही गाडी कुठं उभी करू?"

"लिंबाखाली कर ना. पंधरा दिवसाचा प्रश्न हाय."

"लिंबावर कावळे बसतात."

"कावळे काय गाडी नेतात?"

"नेत नाईत. देतात," अपेक्षा म्हणाली आणि चावी घेऊन निघून गेली.

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. मोटारी आल्या, पट्टे आले, जुनं प्लाझ्मा मशीन आलं. कंप्रेसर आला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं आम्ही पंक्चरचं दुकान टाकतोय. पहिल्यांदा नळी पेटवली आणि गल्लीतली लाइट गेली. दुसऱ्यांदा लाइट राहिली, पण लॅपटॉपवरचा बाण भूत लागल्यासारखा आपोआप धावायला लागला. मी अर्थिंग दिली, वायरी गुंडाळल्या, शिव्या दिल्या, आणि यातल्या कशानं तरी तो थांबला.

टेबलाच्या खाली पाण्याचा मोठा ट्रे लागतो. कापताना उडणाऱ्या ठिणग्या आणि धूर पाण्यात विझतात. हा ट्रे मी स्वतः वेल्डिंग करून बनवला. पाणी भरलं आणि दोन दिवस पाहिलं. एक थेंब गळला नाही. मी अपेक्षाला हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"छान हाय," ती म्हणाली. "पन पानी काढाचं कुठून?"

ट्रेला भोक ठेवायचं राहिलं होतं. (वीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस मी.) आता भोक पाडायचं तर अख्खं टेबल उचलावं लागणार होतं. मी म्हटलं, पाणी काढायचंच कशाला? आहे ते बरं आहे.

मग नळी पत्र्यापासून योग्य उंचीवर धरून ठेवणारा एक भाग खराब निघाला. तो परत पाठवला आणि नवीन येण्याची वाट पाहत बसलो. पाऊस सुरू झाला. आणि एका सकाळी आमच्या भागाच्या आशा सेविका नलूताई हातात बॅटरी घेऊन डेंग्यूची पाहणी करायला आल्या. कूलर पाहिला, माठ पाहिला, कुंड्या पाहिल्या आणि गॅरेजात शिरल्या.

"भाऊ, हे काय हाय?"

"प्लाझ्मा टेबल," मी जरा छाती काढून म्हणालो.

"मी पान्याचं विचारून राह्यली."

"पानी ठिणग्यांसाठी हाय."

नलूताईंनी बॅटरी मारली. "ठिणग्या तं दिसत नाईत जी. अळ्या दिसून राह्यल्या. सांडून द्या."

"सांडता येत नाई. भोक नाई त्याले."

"तुम्ही पाटबंधाऱ्यात हायेत ना?"

"हो."

त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि ट्रेमध्ये ओतली. बाटलीत गप्पी मासे होते. ते अळ्या खातात. सरकारी काम, त्यामुळे माझी परवानगी विचारायचा प्रश्नच नव्हता.

अळ्या संपल्या, मासे राहिले. इतके दिवस गॅरेजात पाऊल न टाकणारी अपेक्षा आता शाळेतून आली की आधी गॅरेजात जायची. कणकेच्या बारीक गोळ्या करून टाकायची. एक मोठ्या पोटाची मासोळी होती, तिची काळजी करायची. माझ्या मशीनकडे ती पहिल्यांदाच प्रेमानं पाहत होती, फक्त तळमजल्याकडे. आणि गप्पी मासे आपल्या कामाला लागले. पोळा जवळ आला तोवर ट्रेमध्ये पाणी कमी आणि मासे जास्त दिसायला लागले होते.

नवीन भाग पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. मी ऑफिसला सुटी टाकली, भाग बसवला, पत्रा ठेवला आणि नळी पेटवणार, तेवढ्यात अपेक्षा दारात.

"मासे?"

"मासे खाली हायेत. मी वर कापतो."

"वरून जळतं लोखंड पडन. उकडतीन ते! आधी काढा त्याइले."

"अवं, पोळा उद्या हाय!"

"मंग लवकर काढा."

ट्रेवर आडव्या पट्ट्या असतात. हात आत जातो, पण हवा तसा वळत नाही. मग्यानं पाणी येत होतं, मासे येत नव्हते. चहाची गाळणी लहान पडली. तेव्हा स्वयंपाकघरात एक गोल, मोठी, बारीक भोकांची वस्तू दिसली आणि काम सुरळीत झालं. दुपारपर्यंत बादल्या भरल्या, टब भरला, मोठं पातेलं भरलं. शेवटचे पंचवीसेक मासे मी कुकरात ठेवले. (झाकण लावलं नव्हतं. हे मी नंतरही शपथेवर सांगितलं आहे.)

आतून आवाज आला, "पुरणाची चाळणी दिसली काय तुम्हाले?"

"वापरात हाय."

"वापरात? पुरण तं माह्यं अजून शिजाचं हाय!"

पुढचं संभाषण मी देत नाही. त्याच सुमारास मामाजींचा फोन आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' मामाजींनी एकही वर्ष हे चुकवलेलं नाही.

"जवाईबापू," मामाजी हळूच म्हणाले, "जोडी तं तुमच्याकडं हाय. आवतन तुम्हीच द्या. तांब्याच्या कानात सांगजा, चांद्याले मंग."

तांब्या आणि चांद्या अजून पत्र्यातून निघायचे होते. माझ्या एका हातात चाळणी होती आणि चाळणीत दोन मासे. "सांगतो मामाजी," मी म्हणालो आणि दोन्ही मासे बादलीत सोडले. हा माणूस माझ्या भरवशावर पोळा करत होता.

मग मी घाई केली. लॅपटॉपवर मागच्या पोळ्याचा फोटो टाकला. झूल, शिंगांना बेगड, तोरणाखाली उभी असलेली जोडी. कॉम्प्युटर फोटोतून आपोआप बाहेरची रेघ काढून देतो. ती रेघ नीट तपासून बघायची असते. पण तपासायचा वेळ माशांमध्ये गेला होता. मी रेघेकडे लांबून पाहिलं, शिंगं दिसली, आणि बटण दाबलं.

आणि मशीन चाललं! निळी आग, पाण्यात विझणाऱ्या ठिणग्या, आणि ती नळी अगदी शहाण्या पोरीसारखी चांद्याच्या वशिंडावरून फिरत होती. मी आणि अपेक्षा एकमेकांचा हात धरून बघत होतो. ती चाळणी विसरली होती. मीही अश्विनला विसरलो होतो. शेवटी नळीनं एक ठिणगी सोडली आणि तिचं तोंड जळून गेलं, पण तोवर काम झालं होतं. पत्र्यातून कापलेला तुकडा आम्ही बाहेर काढला आणि भिंतीला टेकवला.

तांब्याचं डावं शिंग खाली झुकलेलं, तसंच्या तसं. चांद्याचं वशिंड, तसंच्या तसं. आणि चांद्याच्या मागे, त्याला चिकटून, आणखी एक जनावर.

शिंगं नव्हती. शेपूट नव्हती. मान खाली, पाठ वर, आणि पोट चांगलं लोंबलेलं. मी धावत जाऊन फोटो पाहिला. चांद्याची झूल नीट करायला एक माणूस मागे वाकला होता. मागच्या पोळ्याला झूल नीट करणारा माणूस म्हणजे मी.

तो तुकडा कापून काढावा, तर चांद्याचे मागचे पाय त्याच्याबरोबर जात होते. शिवाय नळी जळलेली. अपेक्षा जवळ येऊन म्हणाली, "पोट मात्र एकदम बराबर आलं."

पोळ्याच्या सकाळी तिच्या गाडीच्या टपावर सतरंजी टाकून बैल अल्लीपूरला नेले. गावातल्या वेल्डरनं ते फाटकाला डकवले. मामाजी धोतर-टोपी घालून, चप्पल न घालता बाहेर आले. त्यांनी तांब्याच्या झुकलेल्या शिंगावर बोट फिरवलं. मग चांद्याच्या पाठीवर थाप मारली, खऱ्या बैलाला मारतात तशी. "आले बाप्पा घरी," ते म्हणाले आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले. मीही पुसले. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग त्यांचा हात पुढे सरकला.

"हा कोण?"

"गोऱ्हा हाय मामाजी," मी म्हणालो. रस्ताभर हेच ठरवून ठेवलं होतं.

"आपल्याकडं गोऱ्हा कधी होता?"

"बाबा, गोऱ्हा नाई," अपेक्षा म्हणाली. "जवाई हाय तुमचा."

मामाजींनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात सासूबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. त्यांनी तांब्याला कुंकू लावलं, चांद्याला लावलं, जरा थांबल्या, आणि सणाच्या दिवशी कोणाला वगळू नये म्हणून तिसऱ्यालाही लावलं. तिघांसमोर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. मला माझी पोळी हातातच मिळाली. ती उत्तम झाली होती, म्हणून मी लगेच दुसरी मागून घेतली.

पोळा फुटताना, म्हणजे तोरणाखालचे बैल सुटताना, बघायला सगळं गाव त्याच रस्त्यानं चाललं होतं. मामाजींच्या बांधाला बांध लागून शेत असलेले प्रभाकरराव फाटकापाशी थबकले.

"वा महादेवराव! जोडी तं मी लांबूनच ओळखली. पन हा तिसरा कोणता जी? कामाले कसा होता?"

मामाजी सणासुदीला खोटं बोलत नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कामाले कधी लावूनच नाई पाह्यला," ते म्हणाले. "पन खाते चांगला."