सगळ्यात वाईट शेअर

किशोर सरांना पीएचडीच्या तोंडी परीक्षेची भारी धास्ती. प्रबंध तसा चोख होता. कर्जाने वाकलेल्या कंपन्यांचे शेअर मागेच पडतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं होतं. पण चार माणसांसमोर उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून बायकोने, सुनिताने, त्यांना परीक्षेच्या महिनाभर आधी एका सकाळी गावातल्या, कडावच्या, दूध डेअरीवर पिटाळलं. "तिथे बोलून बघा. कॅन घेऊन उभी असलेली माणसं पळून कुठे जातील?"

सरांनी झकास सराव केला. उदाहरणाला खालापूरकडची एक रंगाची कंपनी घेतली. "स्वतःचं भांडवल चिमूटभर, कर्ज डोंगराएवढं. माझ्या अभ्यासातला सगळ्यात वाईट शेअर!" टाळ्या पडल्या. सर खुशीत घरी गेले.

इकडे डेअरीवर त्यांचे चुलते धाकलूकाका डोळे बारीक करून म्हणाले, "पोरगा लय हुशार हाय. चांगला शेअर चव्हाट्यावर कोन सांगंल रं? आपन घेऊ नाय म्हनून वाईट म्हनतोय."

झालं! खिशातून मोबाइल निघाले. त्या शेअरला एरवी कुत्रं विचारत नव्हतं, त्यामुळे कडावने घेताच तो टुणकन उडाला. उडाला म्हणून शेलू गावाने घेतला, शेलूने घेतला म्हणून कर्जतच्या व्यापाऱ्यांना चैन पडेना.

सर धापा टाकत डेअरीवर आले. "काका, विका ते! बुडाल!"

"बगितलंत? आता आपलेच शेअर सोताला पायजेत त्याला!" काकांनी तिथल्या तिथे आणखी घेतले.

परीक्षेच्या दिवशी भाव आभाळाला टेकला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची सगळ्यात वाईट कंपनी महिनाभर वर पळतेय. मग तुमच्या निष्कर्षाचं काय?"

एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार! घाबरून सर खरं तेच बोलून गेले. "सर, कंपनी होती तशीच आहे. कर्ज उलट वाढलंय. फक्त आमच्या गावाचा माझ्यावर विश्वास नाही."

परीक्षक खळखळून हसले. पदवीची शिफारस झाली, पेढे वाटले गेले. मग परीक्षकांनी सरांना हळूच दाराआड ओढलं.

"तुमचं म्हणणं मला पटलेलंच होतं हो. पण रोज वर पळताना बघवेना. बायकोच्या नावावर थोडे घेतलेत. विकू कधी?"

"आजच विका, सर. आत्ताच्या आत्ता."

परीक्षक हातातला पेढा खाली ठेवून म्हणाले,

"का हो? तुम्हाला घ्यायचेत?"