परत सुरू झालंच न्हाय तर?

पाहुणे यायच्या ऐन वेळी उत्तरेश्वररावांचा ट्रॅक्टर सुरू झाला. यावर आनंद मानावा की कपाळ बडवावं, ते त्यांच्या बायकोला, तुळजाबाईंनाच विचारा.

राव माती तपासणारे शास्त्रज्ञ, आता निवृत्त. नोकरीत मातीचे नमुने गोळा केले, घरी जन्मभर जुने ट्रॅक्टर. परंड्यातल्या घराच्या अंगणात पाच उभे, तुळशीला जागा नाही. सहावा, सगळ्यांत म्हातारा, नेमका फाटकात. "हर्षालीला बघायला माणसं यायलीत, तेवढं फाटक तरी मोकळं करा," म्हणून तुळजाबाईंनी आठवडाभर टाहो फोडला होता. रावांनी हँडल मारलं आणि कधी नव्हे ते इंजिन धडधडलं. गिअर मात्र पडेना. आवाज आहे, धूर आहे, पण गाडं जागचं हलायला तयार नाही.

"मग बंद करा की!"

"येडी का काय? इतक्या वर्षांनी लागलंय. बंद केलं आन् परत सुरू झालंच न्हाय तर?"

तामलवाडीचे पाहुणे चाकाला अंग घाशीतच आत आले. मुलाचे वडील सिद्धलिंगअप्पा, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर काजळी. मुलगा महांतेश खोकून बेजार, त्याच्या आईनं पदर नाकाला लावलेला. पोह्यांवर कोथिंबिरीच्या जोडीला धूर.

अप्पा ओरडले, "पोरी, स्वयंपाक येतो का?"

"येतो!" हर्षाली ओरडली.

शेजारच्या गच्चीवरून रजियाबी त्याहून वरच्या पट्टीत ओरडल्या, "लई झ्याक येतो! भात तेवढा चिकट होतो!"

मग काय, गल्लीच गोळा झाली. शिक्षण, उंची, पत्रिका, सगळ्याची उत्तरं गच्च्यांवरून यायला लागली. अप्पांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या. तुळजाबाईंचा जीव टांगणीला. एवढं चांगलं स्थळ हातचं जातंय की काय! चहा टाकायला आत गेलेल्या लेकीला त्यांनी दारातूनच हाक मारली. हातभर अंतरावरचं ऐकू येत नव्हतं, म्हणून बेंबीच्या देठापासून.

"हर्षे, पोरगा सोन्यासारखा हाय गं, पण..."

इथं टाकीतलं डिझेल संपलं.

"...बाप लई खडूस दिसतोय!"

हे मात्र गच्च्यांपर्यंत ऐकू गेलं. अप्पांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"अहो, बघत काय बसलाव?" तुळजाबाई रडकुंडीला आल्या. "सुरू करा की ते!"

रावांनी हँडल मारलं, पुन्हा मारलं. काही नाही.

"म्या काय म्हणलं होतं?" ते उलट तोऱ्यात म्हणाले.

अप्पा उठून चपला शोधायला लागले. महांतेशची आई मात्र जागची हलली नाही. आधी पदराआड हसत होती, मग पदर सोडूनच हसली.

"बसा खाली. लग्न झाल्यापासून म्या ह्येच सांगायली, तुमाला कधी ऐकू गेलंय? मला घरात साथीला माणूस पाहिजेच. आमाला पोरगी पसंत हाय."

महांतेशनं चोरून दाराकडं पाहिलं. चहाचा ट्रे धरून हर्षाली हसू दाबत होती. अप्पा मुकाट्यानं बसले आणि गडबडीत साखर राहून गेलेला चहाही प्याले.

पाहुणे गेल्यावर राव खाली मान घालून म्हणाले, "उद्या दादामियाँला बोलवून ह्ये भंगारात देतो."

"खबरदार!" तुळजाबाई कडाडल्या. "साखरपुड्याला त्यांच्या आत्याबाई येणार हायत. दुरुस्त करा, आन् टाकी काठोकाठ भरून ठेवा. मला काय बोलता बोलता थांबता येत न्हाय."