आकाशलोहाच्या तलवारीवरील लेखाची बखर

श्री. आकाशातून जे पडते आणि राजाच्या मुखातून जे निघते, त्या दोहींपासून लेकराबाळांचे रक्षण असो. शके पंधराशे बेचाळीस, रौद्रनाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमीस, दोन प्रहर दिवस चढला असता एका राज्यात (कोणत्या ते वाचणाराने विचारू नये) मोठा धडाका जाला आणि माळावर जळता गोळा पडला. गुरे दावी तोडून पळाली आणि गावकरी देवळात दडले, आणि तीन दिवस कोणी माळाकडे फिरकला नाही. मग चौथे दिवशी गोळा निवाला असे पाहून पाटलाने तो गाडीत घालून दरबारी रवाना केला. वजन दीड मण भरले. दगड म्हणावा तर दगड नव्हे, आत रुपेरी झाक मारणारे लोखंड. तेव्हा महाराजांनी हैबती लोहारास बोलावू पाठविले. हैबती म्हणजे ज्याची जगाने हैबत खावी तो. परंतु हा हैबती असा की हुजऱ्याची पगडी वेशीवर दिसली तरी याच्या हातून सांडशी गळावी. मात्र हात सोन्याचे. त्याने गोळ्याचा कोपरा छिन्नीने तोडिला आणि सहाणेवर घासून सपाट केला, आणि पाते उजळताना लोहार लिंबू लावितात त्या रिवाजाप्रमाणे वर लिंबू चोळिले. तो काय नवल वर्तले! लोखंडावर रेघा उमटल्या, आडव्या, तिरप्या, एकीतून एक गेलेल्या, जसे कोणी बारीक टाकाने लिहिले असावे. सारा दरबार उठून उभा राहिला.

हैबतीचे मनात आले की, लाकडास जशी शीर असते तशी ही लोखंडाची शीर असेल. परंतु लोहारास कोण पुसतो? महाराजांनी नीळभट शास्त्री यांस पुढे बोलाविले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा देवाचा लेख दिसतो. वाचा." आता नीळभटांनी आयुष्यात 'येत नाही' हे शब्द दरबारात उच्चारिले नव्हते, आणि ज्यांनी उच्चारिले त्यांची पुढे काय वाट लागली हेही त्यांस ठाऊक होते. त्यांनी तुकडा हाती घेतला, कपाळास घाम फुटला, आणि बराच वेळ डोळे मिटून मग ते वदले, "हे लोह ज्याचे हाती, त्यास लोह तोडीत नाही." महाराजांचा चेहरा उजळला. त्याचे कारण असे की महाराजांचे तिघे बंधू तलवारीने गेले होते आणि महाराज स्वतः चिलखत घालून निजत. लागलीच हुकूम जाला की, या लोहाची तलवार करावी, खंडेनवमीस पूजेत मांडावी, आणि लेख आहे तसा पात्यावर राहावा. "लेख पुसला तर लोहाराचे दोन्ही हात मनगटापासून उतरावे."

हैबती घरी आला तो जेवला नाही. मग त्याने भाता लाविला, गोळा तापविला, ठोकला, लांबविला, पाते ओढिले, आणि ते लाल करून पाण्यात घातले. तो पाते पाणी धरीना! चुर्र आवाज जाला एवढेच, धार पाहू जाता मऊ ती मऊच. बरे, धारेचे महाराज पुढे पाहतील, असे म्हणून त्याने पाते घासले आणि लिंबू चोळिले. एक रेघ उमटली नाही. दुसरे लिंबू चोळिले, तिसरे चोळिले, पाते पुसल्या पाटीसारखे कोरे. अग्नीने लेख खाल्ला होता. हैबतीने आपले दोन हात डोळ्यांपुढे धरिले आणि तो लहान पोरासारखा रडला. त्याची बायको साळू भाकरी थापता थापता उठून आली आणि सारे ऐकून म्हणाली, "धनी, मग रेघा तुमीच काढा की."

"अगं, मला अक्षर येत न्हाई."

"भटाला तरी कुठं येतंय? वाचताना घाम फुटला म्हनून तुमीच सांगितलंत. वाचता येनाऱ्याला घाम येत न्हाई."

हे बोलणे हैबतीस पटले, आणि पटले म्हणून अधिकच भय वाटले. परंतु दुसरा इलाज नव्हता. बसायची चटई पुढे घेऊन, तिचे विणकाम पाहून, त्याने बारीक टोचणीने पात्यावर रेघा कोरिल्या. सत्तावीस दिवस लागले. त्यात जो जो कोणी दारावरून गेला, तो तो आपणास धरावयास आला असे त्यास वाटे.

खंडेनवमीस पूजा जाली आणि मग महाराजांनी खासे महालात चौघेच राहू दिले: आपण, शास्त्रीबुवा, हैबती, आणि राणोजी नावाचा धारकरी. शास्त्रीबुवांनी पात्याकडे पाहिले. रेघांच्या कडा ताज्या होत्या, हे आंधळ्यालाही बोटाने कळले असते. त्यांनी हैबतीकडे पाहिले, हैबतीने जमिनीकडे पाहिले, आणि शास्त्रीबुवांनी स्वच्छ आवाजात तेच वाक्य पुन्हा वाचिले, एक अक्षर इकडचे तिकडे नाही. हैबतीचा जीव भांड्यात पडला. तो महाराज बोलिले, "बहुत उत्तम. दसऱ्यास आम्ही स्वारीवर जाणार. तत्पूर्वी पडताळा पाहावा. शास्त्रीबुवा, वाचले आपण, तर तलवार आपणच धरावी. राणोजी, घाव घाल." राणोजीने आपली तलवार उपसली. शास्त्रीबुवांनी लेखाची तलवार दोन्ही हातांनी छातीशी धरिली. आपण वाचले ते खोटे, हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? आणि हैबतीस वाटले की, आपण गप्प राहिलो तर हे हात राहतील, भाता राहील, साळूची भाकर राहील. असे वाटत असतानाच तो पुढे जाला आणि त्याचे तोंड आपोआप उघडले.

"महाराज, थांबावं. रेघा माझ्या हातच्या हायत. आगीनं पयल्या खाल्ल्या. शास्त्रीबुवांनी पयलं वाचलं ते खरंच आसंल, मला अक्षर येत न्हाई." आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

महाराजांनी दाराकडे पाहिले. भय त्यांसही जाले होते, ते त्यांचे डोळ्यांत दिसत होते. मग हळूच म्हणाले, "बाहेर फौज लेखाच्या भरवशावर उभी आहे. लेख नाही असे कळले तर एक घोडा पाऊल टाकणार नाही. सबब लेख आहे. लेख आहे, तर लोहाराचे हात राहिले, आम्ही शब्द पाळितो. लेख नाही असे जी जीभ बोलली, तेवढी राहता कामा नये." मग राणोजीने उपसलेली तलवार म्यान केली आणि कमरेची सुरी काढली.

पुढे दसऱ्यास कूच जाले, आणि महाराज चिलखत घालून पिछाडीस राहिले, आणि फौज लेखाच्या बळावर ऐसी लढली की शत्रूची दाणादाण उडाली. तलवारीची कीर्ती दशदिशा जाली. नीळभट दर खंडेनवमीस भरल्या दरबारी लेख वाचीत, आणि वाचून जाले की तडक लोहाराचे ओट्यावर येऊन बसत. हैबती ठोकीत असे, शास्त्रीबुवा पाहत असत. साळू तांब्या पुढे करी, आणि ब्राह्मण असता ते लोहाराघरचे पाणी विटाळ न मानता पीत. बोलणे कोणाचेच होत नसे.

येणेप्रमाणे आकाशलोहाची हकीकत. हैबतीने हातांच्या खुणांनी साळूस समजाविली, साळूने मरतेसमयी सांगितली, ती ऐकिली तैसी लिहिली, पदरचे काही घातले नाही. लोह आकाशाचे होते, हे खरे. फत्ते जाली, हेही खरे. लिहिणारास जीभ एकच आहे, सबब नाव लिहिले नाही. बहुत काय लिहिणे.