मुदपाकाच्या भिंतीने ओटा राखिला त्याची हकीकत

श्रीचुलीसमर्थ प्रसन्न. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, वैशाख मास. दक्षिण देशी, कावेरीच्या एका फाट्याकाठी, लहानगे राज्य होते. विस्तार म्हणाल तर एक घर, खांब सोळा, विहीर एक, आणि पुढे रस्त्यालगत लांबलचक ओटा. पूर्वज मराठे कारकून, लष्करामागून आले ते तेथेच रुजले आणि बोली जतन करिते झाले. कारभार अंबुजाबाईसाहेब पाहत. वय साठावर, यजमान निवर्तलेले, आवाज खणखणीत आणि जीव सारा त्या ओट्यात. पहाटे कोलमाची रांगोळी तेथेच घालावी, आल्यागेल्यास ताक तेथेच द्यावे आणि साऱ्या गावाची खबर तेथेच बसून घ्यावी, हाच दरबार. तो नगरपालिकेने रस्ता रुंद करण्याचा मनसुबा केला आणि ओट्यावर तांबडी रेघ ओढिली, की येथवर पाडणार. मग दीर सेतुरामराव बोलिले, "वहिनी, घर ऐतिहासिक ठरले तर रस्त्यालाच वळावे लागते. मी अर्ज ठोकतो." अर्ज ठोकिला आणि पुरातन खात्याच्या अंमलदार सेल्वीबाई पाहणीस येणार ऐसे पत्र आले.

इतक्यावर राव स्वस्थ बसते तर काय हवे होते! परंतु या घराण्याची रीतच ऐसी, की पाहुणा येणार म्हटले की घर रंगवावे. "एवढी मोठी बाई येणार आणि घर मळके दिसले तर नाक कापले जाईल," म्हणोन रावांनी रंगारी आणिले आणि सोळाही खांबांस गुलाबी तैलरंग दिधला, दारास पोपटी, आणि छतावरील दीडशे वर्षांची वेलबुट्टी पांढऱ्याखाली गडप केली. बाईही म्हणाल्या, "झकास!" मग रंगारी मुदपाकाकडे वळले, तो बाई पळी घेऊन उंबऱ्यात उभ्या. "चुलीच्या घरात चपला? एक पाऊल टाका, मग बघतेच!" ती फौज उलट्या पावली परतली.

नेमल्या शनिवारी सेल्वीबाईंची स्वारी जीपगाडीतून उतरली, आणि खांब पाहोन मुद्रा उतरली. द्रविड भाषेत वदल्या, ते येथे मराठीत लिहितो: "अम्मा, हे तर मंगल कार्यालय दिसते. यात जुने काय राहिले?" राव म्हणाले, "आहे ना, खाली आहे!" बाईंच्या डोळां पाणी आले, आणि तरी रीत सोडतील तर त्या अंबुजाबाई कसल्या! "उन्हाच्या आलात. दोन घास खा, मग काय लिहायचे ते लिहा." चपला काढवून पाट मांडिला आणि वाढिले. सेल्वीबाईंचा दुसरा घास वाटेतच थांबला. चुलीशेजारी भिंतभर गेरूने लिहिलेले, वर मोडी, खाली बाळबोध. "हे काय?"

"ते होय? सून घरात आली की पहिला सण एकटीने रांधते, आणि पदार्थ कसा केला ते येथे लिहिते. सात सुना झाल्या. शेवटची मी."

"आणि हे आधी का नाही दाखविले?"

"अहो, स्वयंपाकघराची भिंत कोणी पाहुण्यास दाखविते का!"

सेल्वीबाई खरकट्या हाताने उठल्या, डाव्या हाताने छायाचित्रे घेतली आणि निवाडा दिधला, की घर ऐतिहासिक, ओट्यास हात लागणार नाही. रावांनी तेथेच फुगडीचा पवित्रा घेतला. "परंतु सोमवारी शिक्का उमटेल," त्या बोलिल्या, "तेथून पुढे या भिंतीवर कोणी रेघही ओढायची नाही." गेल्याच आठवड्यात नवी सून मलर घरात आली होती, तामिळ घरची पोर, तिचा पहिला सण अजून यायचाच. "मग माझ्या सुनेने कोठे लिहावे?"

"कायदा आहे, अम्मा."

"आज वार कोणता?"

"शनिवार," म्हणोन सेल्वीबाई हसू दाबीत विहिरीकडे हात धुण्यास गेल्या.

"मलर! आजच सण समज, पदर खोच!"

मलर बावरली. सासूस ती आपल्या बोलीत अत्तै म्हणे. "अत्तै, मला मराठी लिहिता येत नाही."

"मग तुझे लिही. चूल काय लिपी विचारते?"

मग मलरने वत्तकुळंबु, म्हणजे चिंचेची झणझणीत आमटी, रांधला, आणि सेल्वीबाईंसुद्धा चौघे पोटभर जेविले, आणि तिने गेरूत बोट बुडवोन सातव्या सुनेच्या लिखाणाखाली तामिळ अक्षरांत लिहिले. राव मोठ्याने वाचिते झाले. शेवटची ओळ ऐसी: "मीठ जास्त पडले. अत्तै काही बोलल्या नाहीत." बाईंनी पदर डोळ्यांस लाविला आणि मग खो खो हसल्या.

एकूण सुना आठ, ओटा सलामत. लिहिणाराने उरलेला कुळंबु स्वये चाखिला. मीठ खरेच जास्त होते.